चेहऱ्याला नाव देताना

माणसाचे नाव आयुष्यभर बहुधा दुसराच कुणीतरी लिहीत असतो. जन्माची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर, निकाहनामा, रेशनकार्ड, मतदारयादी आणि अखेर कबरस्तानची वही, या प्रत्येक ठिकाणी लिहिणारा हात वेगळा आणि ज्याचे नाव लिहिले जाते तो माणूस वेगळा. त्यामुळे नाव लिहिणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. अलीकडच्या काळात हे काम सरकारी कचेरीतून थेट आपल्या घरात आले आहे. घरोघरी संगणकात हजारो छायाचित्रे साठली आहेत आणि त्यांना नावे देऊन ती नीट लावून ठेवणे हे घरातील कुणातरी जाणत्याच्या वाट्याला येते. वरवर पाहता हे निव्वळ कारकुनी काम आहे. परंतु ते करायला बसले की एक प्रश्न समोर उभा राहतो. दुसऱ्याच्या चेहऱ्याला नाव देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, आणि त्या अधिकाराबरोबर कोणते कर्तव्य येते?

आम्ही म्हणजे सोलापुरातील एका घरातील तिघे भावंडे. आमच्या संगणकात आज अकरा-बारा हजार छायाचित्रे आहेत. अब्बांच्या पत्र्याच्या ट्रंकेतील काळी-पांढरी, लग्नाच्या अल्बममधील रंगीत, नंतरची डिजिटल कॅमेऱ्याची आणि आता मोबाइलची. मागील दोन वर्षे उन्हाळी सुट्टीत इशाच्या नमाजनंतर आम्ही संगणकासमोर बसत आलो. सोबत अम्मी आणि फुफी. या कामातून जे विचार सुचले ते येथे मांडत आहोत.

आधी यंत्र काय नाव देते ते पाहू. डिजिटल कॅमेऱ्यातील फाइलचे नाव चार अक्षरे आणि चार आकडे अशा साच्यात असते. हा साचा १९९८ साली जपानमध्ये ठरला आणि जगभरच्या कॅमेरा कंपन्यांनी तो स्वीकारला. म्हणूनच आपल्याला 'डीएससी' किंवा 'आयएमजी' आणि पुढे ०४१७ असे काहीतरी दिसते. ९९९९ झाले की मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. म्हणजे एकाच क्रमांकाची दोन छायाचित्रे, एक ईदचे आणि एक मय्यतच्या दिवसाचे, एकाच घरात असू शकतात. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकू गेलो तर संगणक विचारतो की जुने पुसून नवे ठेवू का? घाईत 'हो' म्हटले की एक कायमचे गेले. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या छायाचित्राच्या नावातील तारीख ते आपल्याला मिळाल्याची असते, काढल्याची नसते, आणि काढल्याची जी तारीख मूळ फाइलमध्ये नोंदलेली असते ती वाटेत गळून पडते. कागदी छायाचित्र स्कॅन केले तर संगणक त्यावर स्कॅन केल्याचा दिवस घालतो. त्यामुळे अब्बांचे १९७४ मधील शाळकरी छायाचित्र यंत्राच्या हिशेबाने २०२३ चे ठरते.

यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. क्रमांक देणे हे त्याचे काम, नाव देणे हे माणसाचे. कुरआनमधील सूरह बकराहमध्ये आदमला सर्व नावे शिकवली गेल्याचा प्रसंग आहे. माणसाच्या पहिल्या इल्ममध्ये नावांचे इल्म आले, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना विशेष विचार करण्यासारखी वाटते. आजकाल चेहरे ओळखणारे प्रोग्राम निघाले आहेत. 'पिकासा' या प्रोग्राममध्ये ही सोय २००९ साली आली. अशा प्रोग्रामने एका माणसाचे चेहरे एकत्र केले तरी शेवटी तो आपल्यालाच विचारतो की हा कोण? शिवाय बुरख्यातील किंवा पदर ओढून बसलेल्या बाईपुढे तो हात टेकतो. आमच्या फुफीने मात्र १९८० च्या सुमाराच्या एका छायाचित्रातील पाठमोऱ्या बाईला तिच्या चपलांवरून ओळखले. तशा चपला मोहल्ल्यात एकीच्याच पायात होत्या, असे ती म्हणाली.

खरी अडचण पुढेच आहे. नाव द्यायचे म्हणजे काय लिहायचे? घरात बोलताना आपण नाते सांगतो. दादी, नानी, बडी अम्मी, छोटी खाला. तेच लिहावे असे कुणालाही वाटेल. पण नात्याचा शब्द बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. जिला आम्ही फुफी म्हणतो तिला तिची मुले अम्मी म्हणतात, तिच्या सुना सास म्हणतात आणि तिची नातवंडे दादी म्हणतात. 'दादी' असे नाव दिलेल्या पाच फाइली आमच्या संगणकात निघाल्या, आणि त्या पाच निरनिराळ्या बाया होत्या. लिहिणारा जिवंत आहे तोवर कुणाची दादी हे विचारता येते. तीस वर्षांनी हा संगणक, किंवा त्यातील फाइली ज्याच्या हाती पडतील, तो दुसऱ्याच जागी बसलेला असेल. त्याच्या लेखी 'दादी' या शब्दाने कुणाचाच बोध होणार नाही.

पुरुषांच्या बाबतीत ही अडचण फारशी आली नाही. त्यांची नावे सगळ्यांना पाठ होती. कोण कोणत्या गिरणीत होता, कुणाला किती पगार होता, इथपर्यंत माहिती निघाली. बायकांच्या बाबतीत मात्र एकेक नाव शोधावे लागले. आमच्या पडदादीचे एकच छायाचित्र आहे. तिच्या चार मुलांची नावे घरात सर्वांना ठाऊक होती, तिच्या नवऱ्याचे ठाऊक होते, तिच्या शेळीला काय म्हणत हेसुद्धा फुफीला आठवत होते. पडदादीचे नाव कुणालाच आठवेना. ती 'चौधऱ्यांच्या वाड्यामागची बडी बी' होती. अखेरीस तिचे नाव मिळाले ते एका जुन्या खरेदीखतात, अंगठ्याशेजारी. आज ते नाव त्या फाइलला दिले आहे. येथे आम्ही ते छापत नाही. घरच्या नोंदीत नाव असणे वेगळे आणि ते चारचौघांत छापणे वेगळे, हा भेद आम्ही पाळतो.

त्या दिवशी एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. आमच्या संगणकात 'कागदपत्रे' नावाचे एक फोल्डर आहे आणि 'छायाचित्रे' नावाचे दुसरे. पहिल्यात या बायकांची नावे आहेत, चेहरे नाहीत. दुसऱ्यात चेहरे आहेत, नावे नाहीत. ही दोन फोल्डरे एकमेकांशेजारी असूनही वर्षानुवर्षे त्यांची गाठ पडली नव्हती.

हे केवळ आमच्या घरचे किंवा केवळ मुसलमानांचे दुखणे नाही. १९५१-५२ मधील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारयाद्या तयार होत असताना उत्तर भारतातील लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच त्यांनी सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. यातील बहुतांश स्त्रिया बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश या भागांतील होत्या. त्यात सर्व धर्मांच्या स्त्रिया होत्या. नाते हे नाव नव्हे, हा धडा आपल्या लोकशाहीने पहिल्याच वर्गात घेतला, आणि त्याची किंमत त्या स्त्रियांनी मोजली.

यावर आपल्यातील काही बुजुर्ग म्हणतील की बाईचे नाव चारचौघांत न घेणे हा अदब आहे. या म्हणण्याचा आम्ही आदर करतो. अजूनही काही निकाहच्या उर्दू पत्रिकांत मुलीचे नाव नसते, अमक्याची दुख्तर एवढेच असते. परंतु त्याच निकाहच्या मजलिसमध्ये काय घडते ते पाहावे. काझीसाहेब वधूचे नाव तिच्या वडिलांच्या नावासह घेतात, मेहरची रक्कम सांगतात आणि गवाहांसमोर कबुली घेतात. निकाहनाम्यावर तिचे नाव असते, तिची सही असते. म्हणजे जेथे हक्काचा प्रश्न येतो तेथे शरियतने नाव झाकलेले नाही. ते झाकले गेले आहे ते आपल्या रिवाजात.

आपली इल्मी परंपरा तर याहून पुढे गेलेली आहे. नवव्या शतकातील इब्न सअद यांच्या 'तबकात' या चरित्रग्रंथाचा अखेरचा खंड स्त्रियांसाठी आहे. आपल्याच काळात जौनपूर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि लखनौच्या नदवतुल उलेमात शिकलेल्या मुहम्मद अक्रम नदवी यांनी हदीस शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या हजारो स्त्रियांची नावे आणि माहिती गोळा केली. त्यांचा अरबी ग्रंथ २०२१ साली प्रसिद्ध झाला, तो ४३ खंडांचा आहे. ज्या परंपरेत स्त्रियांच्या नावांचे ४३ खंड भरतात, त्या परंपरेत वाढलेल्या घरातून पडदादीचे नाव तीन पिढ्यांत पुसले जावे, याला अदब म्हणता येणार नाही. याला विसर म्हणावे लागेल.

हदीसच्या इल्मकडून आम्ही आणखी एक गोष्ट घेतली. त्या इल्ममध्ये काय सांगितले गेले याइतकेच ते कुणी सांगितले, त्याने कुणाकडून ऐकले, याला महत्त्व असते. त्यालाच इसनाद म्हणतात. सांगणाऱ्याचा शोध घेणारी 'असमाउर्रिजाल' ही विद्याशाखाच त्यातून उभी राहिली. घरातील छायाचित्रांची आणि हदीसची बरोबरी करण्याचा आमचा हेतू अर्थातच नाही. परंतु शिस्त घेण्यासारखी आहे. आम्ही फाइलच्या नावात आधी वर्ष, मग माणसाचे नाव, मग ठिकाण लिहितो आणि शेवटी ओळख कुणी सांगितली ते लिहितो. 'ओळख फुफी' किंवा 'ओळख अम्मी'. वर्ष पुढे लिहिले की संगणक फाइली आपोआप काळानुसार लावतो. आणि सांगणाऱ्याचे नाव शेवटी असले की उद्या कुणाला शंका आली तर ती कुठे नेऊन तपासायची हे कळते.

एका छायाचित्राबाबत फुफी आणि चाचा यांचे जमले नाही. विहिरीच्या काठावर बसलेला तो सात-आठ वर्षांचा मुलगा फुफीच्या मते त्यांचा लहानपणी वारलेला भाऊ आहे. चाचांच्या मते तो शेजारचा मुलगा. दोघेही आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत. फुफीसाठी हा वाद साधा नाही, कारण त्या भावाचे दुसरे छायाचित्रच नाही. तो मुलगा दुसरा कुणी निघाला तर भावाचा चेहरा जगातून नाहीसा होतो. अशा वेळी फुफीच्या समाधानासाठी तिचे म्हणणे लिहून टाकावे, असे आमच्यातील एकाचे मत होते. ते शेवटी मान्य झाले नाही. शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह टाकावे म्हटले तर विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह घालू देत नाही. म्हणून आम्ही 'बहुधा' हा शब्द ठरवला आहे. त्या फाइलवर 'बहुधा' लिहून दोघांचीही मते नोंदवली. फुफीने ते वाचून घेतले आणि म्हणाली, "बहुधा तर बहुधा. पण माझं आधी लिहा." तिचे आधी लिहिले.

शंका नोंदवण्याचा आग्रह का, हे आमच्या पेशातील एका उदाहरणाने सांगता येईल. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहावे. एका पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून दिसते. आईवडिलांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि १ जून लिहून मोकळे होत. त्यांचा हेतू चांगला होता. मूल शाळेत यावे एवढेच त्यांना हवे होते. परंतु अंदाज हा अंदाज म्हणून न लिहिता तारीख म्हणून लिहिला गेला, आणि त्यावर नोकरी, निवृत्ती, पेन्शन सारे काही उभे राहिले. कॅमेऱ्याचे घड्याळ बंद पडले की तोही असेच करतो. सारी छायाचित्रे कुठल्यातरी १ जानेवारीची होतात. खोटे बोलणारा कुणी नाही आणि तरीही कागदावर खोटे उभे आहे, अशी ही अवस्था. 'सुमारे १९७८' हे चार शब्दांचे काम नाही, दोनच शब्दांचे आहे. पण तेवढे लिहिल्याने नोंद प्रामाणिक राहते.

नोंदीतील एका अक्षराने काय होते, हे आज आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. उर्दू शाळेत मुलाचे नाव तीन लिप्यांत फिरते. उर्दूत एक, मराठी दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर इंग्रजीत तिसरे. 'बी', 'बानो', 'बेगम' यांतील फरकावरून शिष्यवृत्तीचे अर्ज परत आलेले आम्ही पाहतो. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर राहिले. त्यात सर्व समाजांचे लोक होते. लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेचा दाखला नसलेल्या स्त्रियांना आपण अमुक बापाची मुलगी आहोत हे सिद्ध करणे तेथे फार अवघड गेले. त्यानंतरच आपल्या अनेक घरांत कागदपत्रे स्कॅन करून ठेवण्याची लगबग सुरू झाली. भीतीने का होईना, आपण नोंदी जपायला लागलो. मात्र भीतीने जपलेल्या नोंदी सरकारला दाखवण्यापुरत्या असतात. आपल्या माणसांना आपणच ओळखावे म्हणून जपलेल्या नोंदींची गोष्ट निराळी आहे.

छायाचित्र स्वतःहून साक्ष देत नाही, याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सावित्रीबाई फुले यांच्याबरोबर बसलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. ती फातिमा शेख अशी ओळख त्या छायाचित्राला दिली जाते. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने फातिमा शेख हे पात्र आपण कल्पनेने निर्माण केले असा जाहीर दावा केला. त्याला उत्तर देताना अभ्यासकांना नुसत्या छायाचित्राचा आधार पुरला नाही. त्यांनी बोट ठेवले ते सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रावर. आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या सावित्रीबाईंनी आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडत असेल अशी काळजी त्यात व्यक्त केली आहे. एका मैत्रिणीने पत्रात सहज लिहिलेले एक नाव पावणेदोनशे वर्षांनी उपयोगी पडले. इतकी मोठी बाई, मुलींना शिकवणारी, आणि तिच्या अस्तित्वाचा पुरावा मागितला जातो. मग आपल्या मोहल्ल्यातील अनाम बायकांची काय कथा?

नाव देण्याच्या अधिकाराला एक मर्यादाही आहे. ज्याचे छायाचित्र आहे त्याला ते हवे होते का, हा प्रश्न आपल्या घरांत नेहमीच होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी छायाचित्रणाला परवानगी देणारी पुस्तिका लिहिली. आपल्या उपखंडातील अनेक उलेमांनी मात्र गरजेपुरतीच सूट दिली. आमच्या दादीने दुसरे मत मानले. आयुष्यात तिने एकदाच छायाचित्र काढू दिले, ते हजच्या अर्जासाठी. आज ते पासपोर्टच्या आकाराचे छायाचित्र मोठे करून रंगवता येते. असे प्रोग्राम निघाले आहेत की त्यातील डोळेही हलवता येतात. घरातील मुलांना ते करून पाहण्याची फार हौस होती. आम्ही नको म्हटले. दादीने जेवढी परवानगी दिली तेवढीच आपली. छायाचित्र जपले आहे, त्याला नाव दिले आहे, भिंतीवर लावलेले नाही.

टोपणनावांचेही तसेच आहे. एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. जुन्या अल्बमच्या पाठीवर मात्र लंगडा, काणा, काली अशी नावे पेन्सिलीने लिहिलेली सापडतात. लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेल. पण पोलिओ झालेल्या माणसाची शंभर वर्षांनंतरची ओळख त्याच्या पायावरून का व्हावी? त्याला घड्याळे दुरुस्त करता येत होती. 'घड्याळवाले चाचा' असे लिहिले की तोच माणूस ओळखू येतो आणि मान खाली घालावी लागत नाही.

आता सर्वांत अवघड प्रसंग. आमच्या एका चाचांचा पहिला निकाह १९९० च्या दशकात झाला आणि काही वर्षांत तलाकपर्यंत गेला. त्या लग्नाचा अल्बम घरात राहिला. तो स्कॅन करताना घरातील काहींचे म्हणणे पडले की हे कशाला ठेवायचे, पुसून टाका. आताच्या चाचींना काय वाटेल, हा त्यांचा मुद्दा वाजवी होता. दुसरीकडे, त्या बाईंनी स्वतःचा नवा संसार मांडला आहे. त्यांचे छायाचित्र आमच्या संगणकात असावे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचाही आहे. पण पुसण्याने प्रश्न सुटत नव्हता. घडलेली गोष्ट पुसल्याने न घडलेली होत नाही. आम्ही त्या फाइलींना त्यांचे स्वतःचे नाव दिले. 'पहिली बीवी' असे लिहिले नाही. फोल्डर बाजूला ठेवले आणि कुणाला पाठवायचे नाही असे ठरले.

काही महिन्यांनी त्यांची मुलगी, आमची चुलत बहीण, घरी आली. ती नानीकडे वाढली. तिचे लग्न ठरले होते. चहा पिऊन झाल्यावर तिने हळूच विचारले की अम्मीचे दुल्हन असतानाचे एखादे छायाचित्र तुमच्याकडे आहे का? नानीच्या घरी रागाच्या भरात सारी फाडली गेली होती. आम्ही तिला म्हटले, "आहे. पण आधी अम्मीला विचार." तिने तिथूनच फोन लावला. बोलणे थोडकेच झाले. मग आम्ही संगणक लावला, त्या नावाने शोधले आणि एकोणीस छायाचित्रे निघाली. ती बराच वेळ पाहत बसली. शेवटी म्हणाली, "इथं अम्मीचं नाव लिहिलंय." छायाचित्रे मिळाल्याइतकाच आनंद तिला या गोष्टीचा झालेला दिसला.

म्हणून आमचे म्हणणे असे की घरातील छायाचित्रे ही अमानत आहे. ती ज्याच्या ताब्यात असते तो तिचा मालक नसतो, राखणदार असतो. राखणदाराने वस्तू ओळखू येईल अशी ठेवायची असते, तिच्यात भर घालायची नसते आणि मागणाऱ्या हक्कदाराला ती द्यायची असते. नाव खरे लिहावे, माणसाचे स्वतःचे लिहावे, माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहिण्याचा संकोच करू नये, आणि ज्याला अप्रकट राहायचे आहे त्याला राहू द्यावे. हे चार नियम पाळायला संगणकाचे फार ज्ञान लागत नाही.

एक व्यावहारिक सूचना मात्र करावीशी वाटते. नावे एखाद्या प्रोग्रामच्या पोटात लिहून निश्चिंत होऊ नये. ज्या 'पिकासा'मध्ये लोकांनी हौसेने चेहऱ्यांना नावे दिली, तो कंपनीने २०१६ साली बंद केला. नाव फाइलच्याच नावात असावे, म्हणजे फाइल जाईल तेथे ते जाईल. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी असावी.

काळ थोडा बदलतो आहे हेही खरे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील सर्वांत वडीलधारी सज्ञान स्त्री रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख झाली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, मुलाच्या नावानंतर लगेच आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. सरकारी कागदावर तिची जागा होते आहे. घरच्या अल्बममध्ये ती करणे सरकारच्या हाती नाही.

वाचकहो, येत्या ईदला सारे जमतील. तेव्हा जुने अल्बम काढावेत, घरातील सर्वांत वृद्ध बाईला मधोमध बसवावे आणि एकेक छायाचित्र तिच्यासमोर धरावे. ती इतरांची नावे भराभर सांगेल. तिच्या स्वतःच्या छायाचित्रापाशी आल्यावर ती हसून म्हणेल, "अगं, ही तर मीच." तेव्हा न थांबता तिला पुढचा प्रश्न विचारावा की तुमचे पूर्ण नाव काय लिहू? अनेक वर्षांत तिला हे कुणी विचारलेले नसेल. ती सांगेल तसे, ती सांगेल त्या हिज्ज्यांनी लिहावे.